मागणी रास्त, पत्र मात्र अडखळते

प्रश्न : आमचे ग्रंथालय सायंकाळी ६ ला बंद होते. सोमवार ते शुक्रवार ते रात्री ८ पर्यंत उघडे राहावे, म्हणून आम्ही ४२ वाचकांनी सह्या करून १२ जूनला कार्यकारी समितीला पत्र दिले. ‘मागणी स्पष्ट होत नाही’ एवढेच उत्तर आले. ३ ऑगस्टला दुसरे, जरा कडक पत्र दिले. त्याला उत्तरच नाही. पत्रे मीच लिहिते. वाचून पाहणारे तीन गोष्टी सांगतात : विरामचिन्हे कुठेही पडतात, वाक्ये एकमेकांना धरून नाहीत आणि सूर भांडायला आल्यासारखा आहे. तिसरे पत्र पाठवण्यापूर्वी हे कसे सुधारू? दुसऱ्या पत्रातला मुख्य परिच्छेद असा आहे :

“ग्रंथालयाची वेळ सकाळी १० ते सायंकाळी ६ अशी असून नोकरी करणारे वाचक व विद्यार्थी हे सायंकाळी ६ नंतरच मोकळे होत असल्यामुळे त्यांना ग्रंथालयाचा काहीही उपयोग होत नसून याबाबत आपणांस वारंवार कळवूनही आपण हेतुपुरस्सर दुर्लक्ष करत आहात!! सदर बाब अत्यंत गंभीर आहे. तसेच वाचनकक्षात दिवे अपुरे आहेत. त्यांनी मागच्या वर्षी आश्वासन दिलं होतं..... तरी तुम्ही ताबडतोब वेळ वाढवलीच पाहिजे अन्यथा आम्हाला वेगळा विचार करावा लागेल.”

उत्तर :

तुमची मागणी रास्त आहे आणि ती मान्य करून घेण्याइतका पुरावाही तुमच्याकडे आहे. पत्रात मात्र तो उतरलेला नाही. वर प्रश्नात तुम्ही आम्हाला जे साधेपणाने सांगितले, त्यातले तीन मुद्दे परिच्छेदात शोधून पाहा. रात्री ८ पर्यंत, सोमवार ते शुक्रवार आणि ४२ वाचक, यांपैकी एकही सापडणार नाही. ‘वेळ वाढवलीच पाहिजे’ असे आहे, पण किती वाजेपर्यंत आणि कोणत्या दिवशी, ते नाही. म्हणजे समितीने पहिल्या पत्राला दिलेले उत्तर दुसऱ्या पत्रालाही लागू पडते.

म्हणून सुरुवात विरामचिन्हांपासून करू नका. स्वल्पविराम हे सर्वांत शेवटचे काम आहे. ज्या वाक्यात पाच गोष्टी कोंबल्या आहेत, त्यात स्वल्पविराम कुठेही दिला तरी तो चुकीच्याच जागी पडल्यासारखा वाटतो. आधी मागणी, मग वाक्यांचा क्रम, मग सूर आणि अखेरीस चिन्हे, या क्रमाने गेलात तर निम्मी चिन्हे आपोआप जागेवर बसतात.

एका कोऱ्या कागदावर मागणीचे एकच वाक्य लिहा. कोणी, काय, कधीपासून किंवा कितीपर्यंत करावे, हे सगळे त्यात आले पाहिजे आणि वाक्य २० शब्दांच्या आसपास संपले पाहिजे. तुमच्या बाबतीत ते असे होईल : ‘ग्रंथालय सोमवार ते शुक्रवार सायंकाळी ६ ऐवजी रात्री ८ पर्यंत खुले ठेवावे, अशी आम्हा ४२ वाचकांची विनंती आहे.’ हे वाक्य पत्राच्या पहिल्या परिच्छेदात जाते, शेवटच्या नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, म्हणून सगळ्या पत्राचीही रचना तशीच करण्याची सवय लागते : आधी पार्श्वभूमी, मग तक्रार, मग त्रास आणि तळाशी ‘तरी’ने सुरू होणारी मागणी. समितीपुढे एका बैठकीत अनेक पत्रे येतात. काय हवे आहे हे आधी कळले, की पुढची कारणे वाचणारा त्या मागणीशी ताडून पाहतो. ते शेवटी कळले, तर कारणे वाचताना त्यांचे काय करायचे हेच त्याला ठाऊक नसते.

आता तुमचे पहिले वाक्य. त्यात ३६ शब्द आहेत आणि एकही स्वल्पविराम नाही. ‘असून’, ‘असल्यामुळे’, ‘नसून’ आणि ‘कळवूनही’ अशा चार सांध्यांवर ते उभे आहे. कार्यालयीन मराठीत ‘असून’ची सवय फार खोल गेलेली आहे. पूर्णविराम द्यायची वेळ आली की ‘असून’ घालायचे आणि वाक्य पुढे ढकलायचे. ‘असून’ एकाच गोष्टीची दोन वर्णने जोडतो : ‘वाचनकक्ष पहिल्या मजल्यावर असून त्यात ३० जणांची सोय आहे.’ इथपर्यंत तो शोभतो. कारण किंवा परिणाम जोडण्याचे काम त्याच्याने होत नाही.

‘नसून’चे तर अर्थावरच बेतते. ‘नसून’ म्हणजे ‘हे नाही, तर ते’ : ‘अडचण पुस्तकांची नसून वेळेची आहे.’ तुम्ही मात्र ‘उपयोग होत नसून ... दुर्लक्ष करत आहात’ असे लिहिले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने त्याचा अर्थ ‘उपयोग होत नाही, त्याऐवजी दुर्लक्ष होते’ असा काहीतरी निघतो. तुम्हाला म्हणायचे होते, की उपयोग होत नाही. तिथेच पूर्णविराम हवा होता.

अशी वाक्ये तोडण्याची रीत सोपी आहे. वाक्यातल्या प्रत्येक ‘असून, नसून, असल्यामुळे, करून, कळवूनही’ खाली रेघ मारा. एका वाक्यात अशा दोनपेक्षा जास्त रेघा आल्या, तर मधल्या रेघेपाशी वाक्य संपवा आणि तिथे पूर्ण क्रियापद द्या : आहे, होते, येत नाही. मग दोन वाक्यांमध्ये नाते काय, ते ठरवा. कारण आहे, परिणाम आहे, विरोध आहे की नुसती भर?

वाक्ये ‘धरून नाहीत’ ती याच ठिकाणी. तुम्ही ‘तसेच’ वापरले आहे. ‘तसेच’ फक्त भर घालते, मागच्या वाक्याशी नाते सांगत नाही, त्यामुळे विषय निसटायचा असतो तेव्हा तो बहुधा ‘तसेच’च्या मागूनच निसटतो. तुमच्या पत्रात तिथून दिवे आत आले. ‘त्यामुळे’ आणि ‘म्हणून’ यांतही फरक ठेवा. परिणाम आपसूक झाला तर ‘त्यामुळे’ : ‘६ वाजता दार बंद होते; त्यामुळे आम्हाला येता येत नाही.’ कारण पाहून कोणी काही केले तर ‘म्हणून’ : ‘उत्तर आले नाही; म्हणून पुन्हा लिहीत आहोत.’ ‘मात्र’ ज्या शब्दावर विरोध आहे, त्याच्या लगेच नंतर येते : ‘रविवारी गर्दी नसते, शनिवारी मात्र जागा मिळत नाही.’ पण एवढ्यावरून प्रत्येक वाक्याच्या तोंडी एक जोडशब्द बसवू नका. जोडशब्द काढून वाक्य वाचा. अर्थ जसाच्या तसा राहिला, तर तो नको होता.

वाक्ये सांधायला जोडशब्दांपेक्षा नामांचा उपयोग जास्त होतो. मागच्या वाक्यातली एखादी गोष्ट उचलायची आणि पुढच्या वाक्याची सुरुवात तिने करायची. तसे करताना ‘हे’, ‘ते’, ‘याबाबत’ किंवा ‘त्यांनी’ असे एकटे सर्वनाम सोडू नका, त्याच्या जोडीला नाम द्या : ‘ही वेळ’, ‘या अडचणीबाबत’, ‘त्या काळात’. तुमच्या ‘सदर बाब अत्यंत गंभीर आहे’ यातली बाब कोणती? वेळ, गैरसोय, की दुर्लक्ष? तिन्ही मागच्याच वाक्यात आहेत. आणि ‘त्यांनी मागच्या वर्षी आश्वासन दिलं’ म्हणजे कोणी? त्याच्या लगेच आधी दिवे आहेत, त्याआधी समिती आहे, त्याआधी वाचक आणि विद्यार्थी. वाचणारा प्रामाणिकपणे गोंधळतो. तिथे त्या व्यक्तीचे पद लिहा. महिना लिहा. आठवत नसेल, तर ते वाक्य काढून टाका.

‘आपण’कडे मुद्दाम लक्ष द्या, कारण मराठी औपचारिक पत्रातला हा सर्वांत निसरडा शब्द आहे. ‘आपण’ म्हणजे आदरार्थी तुम्ही, आणि ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळूनही. ‘आपण मार्चमध्ये यावर चर्चा केली होती’ या वाक्यात चर्चा समितीने केली, की समितीने आणि वाचकांनी मिळून केली? ‘आपले सभासद’ म्हणजे ग्रंथालयाचे, की तुमच्या गटाचे? अशा ठिकाणी ‘समितीने’, ‘आम्ही वाचकांनी’, ‘ग्रंथालयाचे सभासद’ असे सरळ लिहा. शिवाय तुमच्या परिच्छेदात समितीचा उल्लेख ‘आपणांस’ने सुरू होतो आणि ‘तुम्ही’ने संपतो. राग चढत गेला, की आदर उतरत जातो, आणि वाचणाऱ्याला ते लगेच जाणवते. एकदा ‘आपण’ धरले, की सहीपर्यंत ‘आपण’च. तसेच इतर ठिकाणी ‘आहे, आहेत’ अशी लेखी भाषा आणि मध्येच ‘दिलं होतं’ हे बोलीतले रूप नको. औपचारिक पत्रात ‘दिले होते’, ‘असे’, ‘पुस्तके’ अशी एकारान्त रूपे ठेवावीत. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही बोलण्याचे चित्रण वगळता अन्यत्र हीच रूपे वापरायला सांगितले आहे.

सूर म्हणजे ‘कृपया’ची संख्या नव्हे. एका वाक्यात ‘कृपया’ आणि ‘ही नम्र विनंती’ दोन्ही घातले, तर पत्र नम्र होत नाही, लाचार वाटू लागते. दोन्हींपैकी एक पुरे. सूर ठरतो तो क्रियापदाच्या रूपावर. ‘वाढवा’ हा हुकूम झाला. ‘वाढवावी’ ही औपचारिक विनंती, आणि पहिल्या-दुसऱ्या पत्राला तीच योग्य. ‘वाढवता येईल का?’ हे विचारणे झाले, त्याला ‘नाही’ म्हणणे फार सोपे. ‘वाढवणे आवश्यक आहे’ असे लिहायचे, तर लगेच पुढे कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमानुसार, ते हवे. ‘वाढवलीच पाहिजे’ याला पत्रात जागाच नाही.

त्या ‘वाढवलीच’मधला ‘च’ बघा. एका अक्षराने बोट रोखले जाते. ‘आपल्या कार्यालयाने कळवले होते’ ही माहिती आहे, ‘आपल्याच कार्यालयाने कळवले होते’ हा आरोप आहे. मसुद्यातल्या प्रत्येक ‘च’भोवती गोल करा आणि तो काढून वाक्य वाचा. वस्तुस्थिती बदलत असेल तरच ठेवा. ‘६ नंतरच मोकळे होतात’ यातला ‘च’ खरी मर्यादा सांगतो, तो राहू द्या.

‘हेतुपुरस्सर दुर्लक्ष’ काढाच. समितीच्या मनातला हेतू तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. तो एक शब्द खोडण्यासाठी समितीला चार ओळींचे उत्तर लिहिता येईल, आणि वेळेचा प्रश्न बाजूलाच राहील. त्याऐवजी जे घडले तेवढे लिहा : ‘३ ऑगस्टच्या पत्राचे उत्तर मिळालेले नाही.’ यात कोणावर आरोप नाही आणि ते नाकारताही येत नाही. मात्र सौम्य करण्याच्या नादात ‘दुर्लक्ष केले जात असल्याचे दिसून येते’ असेही लिहू नका. त्यात आरोप तसाच राहतो, फक्त करणारा लपतो.

‘वारंवार’चेही तसेच. ते पत्र लिहिले तेव्हा तुम्ही त्यापूर्वी एकदाच कळवले होते. समितीच्या फाईलमध्ये एक पत्र आहे आणि तुम्ही ‘वारंवार’ म्हणता. एवढ्याने बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास कमी होतो. तारखा लिहिल्या, की ‘वारंवार’ लागत नाही. ‘काहीही उपयोग होत नाही’ हेही असेच. शनिवारी येणारा एक नोकरदार समितीला माहीत असला, की ते वाक्य पडले. ‘आठवड्याचे पाच दिवस येता येत नाही’ हे मात्र टिकते. ‘अत्यंत’, ‘ताबडतोब’, ‘गंभीर’ हे शब्द आकड्याची किंवा तारखेची जागा अडवून बसतात, म्हणून ते खोडले की तिथे आकडा लिहा.

आता विरामचिन्हे. मोडीतल्या जुन्या पत्रव्यवहारात शब्द तोडून लिहिण्याची आणि विरामचिन्हे देण्याची रीत नव्हती. वाक्य संपले हे क्रियापद सांगत असे. १९व्या शतकात छपाईबरोबर ही चिन्हे इंग्रजीच्या वळणाने मराठीत आली आणि त्यांचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मराठीत चिन्ह श्वासासाठी नसून सांध्यासाठी आहे, एवढे धरून चाललात तर बहुतेक चुका टळतात. ‘आम्ही सर्व वाचक, विनंती करतो’ यातला स्वल्पविराम श्वासाचा आहे. कर्ता आणि त्याचे क्रियापद यांच्यामध्ये तो नको.

जिथे हवा, ती ठिकाणे मोजकी आहेत. ‘महोदय’नंतर. ‘जर-तर’, ‘जेव्हा-तेव्हा’, ‘जे-ते’ अशा जोडवाक्यांत पहिला भाग संपल्यावर : ‘जे वाचक नोकरी करतात, ते ६ पूर्वी येऊ शकत नाहीत.’ ‘अशी विनंती आहे’ किंवा ‘ही विनंती’ याच्या आधी. यादीतल्या शब्दांमध्ये, पण शेवटच्या ‘आणि’पूर्वी नाही. ‘की’ हा पुढच्या वाक्याचा भाग असतो, म्हणून स्वल्पविराम द्यायचा तर त्याच्या आधी : ‘समितीने कळवले, की मागणी स्पष्ट होत नाही.’ ‘कळवले की,’ असे लिहिले तर ‘की’ मागच्या वाक्याला लोंबकळतो. दोन पूर्ण वाक्ये ‘त्यामुळे’, ‘म्हणून’, ‘परंतु’ यांनी जोडायची असतील, तर मध्ये अर्धविराम द्या. एका पत्रात असे दोन-तीन अर्धविराम शोभतात, त्याहून जास्त झाले तर पूर्णविराम बरा.

स्वल्पविरामाने अर्थ कसा फिरतो, ते सह्यांच्या ओळीत पाहा. ‘अर्जदार, नोकरदार वाचक व विद्यार्थी यांनी सह्या केल्या आहेत’ यात तीन वेगळे गट दिसतात. ‘अर्जदारांनी, म्हणजे नोकरदार वाचक व विद्यार्थी यांनी, सह्या केल्या आहेत’ यात अर्जदार तेच आहेत. समिती सह्या मोजते तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो.

उद्गारचिन्ह औपचारिक मागणीपत्रात एकही नको, दोन तर नाहीच. ओळीच्या शेवटी सोडलेले टिंबांचे शेपूट रुसल्यासारखे वाटते. तिथे एक पूर्णविराम द्या. ‘वेळ कधी वाढणार, ते कळवावे’ हा सरळ प्रश्न नाही, त्यापुढे प्रश्नचिन्ह येत नाही. अवतरणचिन्हे समितीचे शब्द जसेच्या तसे देताना वापरा. आपल्या ‘नियमांनुसार’ असे टोमणा मारण्यासाठी ती वापरली, तर तुम्ही जपलेला सूर तेवढ्यानेच बिघडतो.

टंकलेखनातली एक चूक फार पसरली आहे. ‘विषय’ पुढे अपूर्णविराम हवा असतो आणि कळफलकावरून विसर्ग उमटतो : ‘विषयः’. तो आता ‘विषयह’ असा वाचला जाणारा वेगळाच शब्द झाला. ‘विषय’नंतर एक जागा सोडून अपूर्णविराम द्या, म्हणजे दोन्हींत गोंधळ होत नाही. स्वल्पविराम आणि पूर्णविराम मात्र आधीच्या शब्दाला चिकटून आणि त्यानंतर एक जागा. आधी जागा सोडली, तर ओळ भरल्यावर पूर्णविराम एकटाच पुढच्या ओळीवर जाऊन बसतो.

या सगळ्यानंतर तुमचा मजकूर साधारण असा होईल :

“विषय : ग्रंथालयाची वेळ सोमवार ते शुक्रवार रात्री ८ पर्यंत वाढवण्याबाबत

संदर्भ : आमची दि. १२ जून व ३ ऑगस्ट यांची पत्रे

महोदय,

ग्रंथालय सोमवार ते शुक्रवार सायंकाळी ६ ऐवजी रात्री ८ पर्यंत खुले ठेवावे, अशी आम्हा ४२ वाचकांची विनंती आहे.

सध्याची वेळ सकाळी १० ते सायंकाळी ६ आहे. या वेळेत नोकरदार वाचक कामावर आणि विद्यार्थी वर्गात असतात; त्यामुळे त्यांना आठवड्याचे पाच दिवस ग्रंथालयात येता येत नाही. या अडचणीबाबत आम्ही दोन पत्रे दिली होती. पहिल्या पत्रातील मागणी स्पष्ट होत नसल्याचे समितीने कळवले. म्हणून ती वर नेमकी मांडली आहे. दुसऱ्या पत्राचे उत्तर मिळालेले नाही.

वाढीव वेळेसाठी कर्मचाऱ्यांची सोय करावी लागेल, याची आम्हाला जाणीव आहे. पाचही दिवस लगेच शक्य नसल्यास मंगळवार व गुरुवार या दोन दिवशी तीन महिने प्रयोग करून पाहावा. त्या काळात ६ ते ८ या वेळेतील उपस्थितीची नोंद ठेवण्यासाठी आमच्यापैकी दोघे जण मदत करतील.

समितीने या विनंतीवरील निर्णय ३० सप्टेंबरपर्यंत लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,”

तिसरा परिच्छेद मुद्दाम घातला आहे. कर्मचारी, खर्च आणि ‘एवढ्या उशिरा येणार कोण?’ या तीन शंका समितीच्या मनात येणारच. त्यांतली सगळ्यात मोठी शंका तुम्हीच आधी बोलून दाखवली आणि तिच्यावर छोटा पर्याय दिला, तर नकार देणाऱ्याला नवे कारण शोधावे लागते. पर्याय मात्र मूळ मागणीच्या नंतरच यावा. आधी आला, तर तीच तुमची मागणी धरली जाईल. मदतीचे वाक्य खरोखर दोघे तयार असतील तरच ठेवा.

शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ नको. तो घरगुती पत्राचा समारोप आहे. सह्यांची यादी जोडून ‘सोबत : ४२ वाचकांच्या सह्यांची यादी, २ पाने’ अशी ओळ खाली द्या, नाहीतर पाने सुटली तरी कोणाला कळणार नाही. मसुदा एक रात्र ठेवा आणि सकाळी मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते, तिथे बहुधा एक ‘असून’ शिल्लक असतो.

दिव्यांसाठी वेगळे पत्र लिहा आणि ते वेळेचा निर्णय आल्यावर द्या. एका पत्रात दोन मागण्या असल्या, की सोपी मान्य होते आणि ‘कार्यवाही केली’ म्हणून फाईल बंद होते.

‘वेगळा विचार करावा लागेल’ हे वाक्य वरच्या मसुद्यात नाही. वेगळे म्हणजे काय, हे तुम्ही ठरवलेले नसेल, तर ती पोकळ धमकी ठरते. ३० सप्टेंबर उलटला आणि उत्तर नाही, तर आठवडाभराने एवढेच स्मरणपत्र द्या, पोच घ्या आणि मूळ पत्राची प्रत जोडा : “ग्रंथालयाची वेळ वाढवण्याबाबतच्या आमच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे. त्यावरील निर्णय ३० सप्टेंबरपर्यंत अपेक्षित होता. तो मिळालेला नाही. हा विषय समितीच्या पुढील बैठकीत घ्यावा आणि त्या बैठकीची तारीख आम्हाला कळवावी, ही विनंती.” पुढे सर्वसाधारण सभेत विषय मांडायचे तुम्ही ठरवले असेल, तर त्याच्या खाली ते एका ओळीत, तारखेसह लिहा.